कांगडा की सुजानपूर टीरा?

हिमाचलला निघालेले मित्र हटकून विचारतात, किल्ला एकच बघायला जमणार असेल तर कांगड्याचा बघू की टीऱ्याचा? दोन्ही माझ्या पायाखालून गेलेत. माझं पारडं जरा झुकलेलं आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

नाव आणि इतिहास पाहिला तर कांगड्याला तोड नाही. बाणगंगा आणि पाताळगंगेच्या बेचक्यातला हा कटोच राजांचा गड १००९ मध्ये गझनीच्या महमूदाने लुटला. जहांगीराच्या फौजेला १४ महिने वेढा घालून बसावं लागलं, तेव्हा कुठे १६२० मध्ये तो हाती आला. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने मात्र त्याला पार खिळखिळा केला. लक्ष्मीनारायण मंदिराची कोरीव भिंत उरलीय, तिच्यासमोरून माझा पाय निघेना.

माझं बिनसलं ते वाटेत. वर जायला एकच वाट, दोन्हीकडे उंच भिंती, आणि अहनी, अमीरी, जहांगिरी, अंधेरी असे दरवाजे एकामागोमाग एक. शत्रूची कोंडी व्हावी म्हणूनच ही रचना. ती अजून चोख काम करते, फक्त आता कोंडी आपली होते. प्रत्येक कमानीखाली कुणीतरी रील काढत असतं. ‘भाईसाब, बस एक मिनट’ म्हणून आपल्याला थोपवतात, पुढच्या दरवाज्यात पुन्हा तेच. अंधेरी दरवाज्यात तर पुढे एका जोडप्याचं फोटोशूट, मागे शाळेची सहल आणि मधे मी, असा चांगला पाव तास गेला. रविवारी गेलो ही माझीच चूक. आडवारी सकाळी लवकर गेलात तर कदाचित हा ताप होणारही नाही. पण गडावर रांग लावायची म्हणजे डोकं फिरतं. (रविवारी लोहगडावरही लागते म्हणा.)

टीरा हमीरपूरहून साधारण २५ किमीवर, ब्यासच्या काठी. गड कांगड्याच्या मानाने अगदी अलीकडचा, अठराव्या शतकातला. कांगडा शैलीची चित्रकला बहरली ती इथे दरबार भरवणाऱ्या राजा संसारचंदाच्या आश्रयाने. वाडवडिलांचा कांगडा त्याने परत मिळवला, पण गोरख्यांचा वेढा उठवण्याच्या बदल्यात १८०९ मध्ये तो रणजितसिंहांना द्यावा लागला. टीरा त्याच्याकडेच राहिला. आज वर छप्पर उडालेली बारादरी, गुडघाभर गवत, आणि गौरीशंकराच्या देवळात पुसट होत चाललेली भित्तिचित्रं. मला तिथे दोन तासांत एक गुराखी भेटला. खाली नर्बदेश्वर मंदिरातली चित्रं मात्र चुकवू नका, ती वरच्यांपेक्षा ठळक आहेत. पाणी बरोबर ठेवा. चहा गावात, चौगान म्हणजे मोठ्या मैदानाशी. होळीत गेलात तर याच चौगानावर मोठी जत्रा भरते, तेव्हा निवांतपणा विसरा.

आईवडील बरोबर असतील किंवा मुक्काम धर्मशाळेत असेल, तर कांगडाच सोयीचा. तिथला इतिहास समजावून सांगणारेही भेटतात, टीऱ्यावर सगळं आपल्यालाच जुळवावं लागतं. मागच्या खेपेला मीही कांगड्याचंच ठरवून धर्मशाळेहून निघालो होतो. बस कांगड्याला थांबली, निम्मी माणसं उतरली. मी कंडक्टरला हमीरपूरपर्यंतचे उरलेले पैसे दिले आणि खिडकीशी सरकलो.