टेबलावरचा एक्सरे मायक्रोस्कोप: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या लॅबमध्ये टेबलटॉप एक्सरे मायक्रोस्कोप (सॅम्पल फिरवत एक्सरे फोटो काढून त्यांचं थ्रीडी चित्र बनवणारं मशीन) येऊन बरेच महिने झाले, मुंगळे, भुंगे, झेब्राफिशची पिल्लं, गवताची मुळं सगळं त्यात घालून झालंय, घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी लिहितेय.

मशीन चांगलंय. पण व्हॉक्सेलच्या (थ्रीडी चित्रातला एक बारीक ठोकळा) आकड्याला भुलू नका, व्हॉक्सेल म्हणजे रेझोल्युशन, म्हणजे वेगळा ओळखू येणारा लहानात लहान तपशील, नव्हे, खरं रेझोल्युशन त्याच्या दुप्पट-तिप्पट धरा. शिवाय डिटेक्टर २००० पिक्सेलचा असेल तर १ मायक्रॉन व्हॉक्सेलला जेमतेम २ मिलिमीटर रुंदी मावते, म्हणजे अख्खा भुंगा त्या बारकाईने एका स्कॅनमध्ये येणारच नाही.

खरी मेहनत सॅम्पलवर असते. स्नायू, मेंदू वगैरे एक्सरेला जवळपास पाण्यासारखेच दिसतात, स्टेन केल्याशिवाय, म्हणजे एक्सरे अडवणाऱ्या द्रावणात मुरवल्याशिवाय, सगळं करडंच. लुगॉल आयोडीन स्वस्त आणि पटकन आत शिरतं, पण द्रावण जास्त तीव्र केलं की टिश्यू आक्रसतं, त्यामुळे अवयवांची मापं घ्यायची असतील तर पातळच वापरा. फॉस्फोटंगस्टिक अॅसिड या दुसऱ्या स्टेनचा कॉन्ट्रास्ट मला जास्त आवडतो पण ते आत जायला फार वेळ लावतं, किड्याच्या कवचातून तर नाहीच, एखादा पाय काढून वाट करून द्यावी लागते.

आणि सॅम्पल हलता कामा नये!! आम्ही पिपेट टिपमध्ये थोडं अॅगरोज (जेलीसारखं घट्ट होणारं) घालून त्यात बसवतो, बुडबुडा राहू देत नाही, वरून सुकू नये म्हणून पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणचट पट्टी), मग तासभर मशीनमध्ये तसंच ठेवून मग स्कॅन लावतो. स्कॅन चालू असताना ते जरा जरी सुकलं किंवा सरकलं तर कडा दुहेरी येतात आणि रात्रभराचं स्कॅन फुकट.

पण जमलं की काय दिसतं! मुंगळ्याचं डोकं बहुतेक जबड्याच्या स्नायूंनीच भरलेलं असतं, त्यातला एकेक धागा कवचाला कुठे चिकटलाय ते पण दिसतं, आणि डोक्याला सुरी लागलेली नसते. माझ्या मते नुसतं यासाठीच मशीन घ्यावं.

बजेटमध्ये कॉम्प्युटर धराच. २००० × २००० × २००० व्हॉक्सेलचा १६ बिट डेटा १६ जीबी होतो, ते पण एका सॅम्पलचा आणि कच्चे फोटो वेगळेच, साधा डेस्कटॉप लगेच मान टाकतो. भारतात असाल तर एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानगीचे सोपस्कार त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर आधीच सुरू करा.

एका पेशीच्या आतलं बघायचं असेल तर मात्र हे मशीन घेऊ नका. त्याला २.३ ते ४.४ नॅनोमीटर तरंगलांबीचे सॉफ्ट एक्सरे लागतात, पेशी गोठवून ठेवावी लागते आणि सॅम्पल साधारण १० मायक्रॉनपेक्षा जाड चालत नाही. पूर्वी त्यासाठी सिंक्रोट्रॉनलाच (प्रखर एक्सरे देणारं इमारतीएवढं यंत्र) जावं लागायचं, आता लॅबमध्ये मावणारी तशी मशीनं पण आलीत.