ब्युटेनची एक बर्नरची शेगडी: ऑस्टिनच्या दोन हिवाळ्यांनंतर

टेक्सासमधल्या ऑस्टिनचं आमचं घर सगळं विजेवर चालतं. हीटर, गरम पाणी, काचेची सपाट शेगडी, सगळंच. १५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे लाइट गेले आणि दोन दिवस आलेच नाहीत. बाहेर उणे १३-१४. लेक आठ महिन्यांची होती. तिची दुधाची बाटली मी स्वेटरच्या आत पोटाशी धरून बसायचे, तरी दूध जेमतेम कोमट व्हायचं. आम्ही मोठ्यांनी दडपे पोहे खाल्ले, तेही फोडणीशिवाय. टेक्सासचं विजेचं ग्रिड तेव्हा पूर्ण कोसळायला फक्त ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती, हे नंतर कळलं.

त्याच मार्चमध्ये ही शेगडी घेतली. कोरियन दुकानात पस्तीस डॉलरला मिळाली. बाजूच्या खाचेत ब्युटेन गॅसची २२७ ग्रॅमची डबी बसवायची, खटका खाली ओढायचा, बटण फिरवायचं की पेटते. काडेपेटीही लागत नाही.

खरी परीक्षा झाली फेब्रुवारी २०२३ मध्ये. बर्फाच्या वजनाने आमच्या गल्लीतल्या ओकच्या फांद्या रात्रभर कडाड्कन मोडत होत्या आणि तारा घेऊन खाली येत होत्या. या वेळी तीन दिवस अंधार. गॅरेजचं दार पूर्ण वर करून तिथे शेगडी मांडली. पहिल्या चहाला ज्योत अगदी मिणमिणती. शेगडी बिघडली असं वाटून पोटात गोळा आला. पण दोष थंडीचा होता: शून्याच्या आसपास ब्युटेनचा वायूच होत नाही, ते डबीत द्रवच राहतं. डबी घरात आणून ठेवली, अर्ध्या तासाने लावली, ज्योत निळी आणि जोरदार. मग दोन डब्यांची पाळी लावली, एक शेगडीत, एक घरात पांघरुणाखाली. पाण्यात उकळून किंवा आचेजवळ धरून डबी गरम करायचा विचारही करू नका.

तीन दिवसांत वरणभात, रव्याची खीर, दिवसातून चार वेळा चहा, आणि शेजारच्या आजींच्या थर्मासात गरम पाणी. मोठ्या आचेवर एक डबी तासभर टिकते, मंद आचेवर दुप्पट. पाच डब्या संपल्या.

मोठं भांडं ठेवू नका. मी पोळ्यांचा मोठा तवा ठेवला, तो डबीच्या बाजूला पसरला, आच परतून डबी तापली आणि सुरक्षेचा खटका आपोआप सुटून शेगडी बंद झाली. तो खटका आहे म्हणून मी ही शेगडी सुचवते. खटका नसलेली स्वस्तातली घेऊ नका.

आणि कळकळीने सांगते, ही बंद घरात पेटवू नका, ऊब मिळवायला तर मुळीच नाही. २०२१ मध्ये घरात कोळशाची शेगडी आणल्यामुळे, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवल्यामुळे कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने माणसं गेली. बॅटरीवर चालणारा त्याचा अलार्म शेगडीसोबतच विकत घ्या.

नेहमीच कडाक्याची थंडी असते अशा गावात राहत असाल तर ब्युटेनऐवजी प्रोपेनची घ्या, ती गारठ्यातही पेटते. ऑस्टिनपुरती मला हीच पुरते. आता नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मी बारा डब्या मोजून कपाटात ठेवते, आणि एकदा गॅरेजमध्ये चहा करून शेगडी तपासते.