संवादाचा अभ्यासवर्ग केला: कोणी करावा, कोणी थोडं थांबावं

ख्रिस्ती विश्वासी लोकांसाठी चालवला जाणारा संवादाचा एक ऑनलाइन अभ्यासवर्ग मी आणि माझ्या नवऱ्याने नुकताच पूर्ण केला. आठवड्यातून एक संध्याकाळ, व्हिडिओ कॉलवर, लहान गटात, संपूर्ण मराठीतून. मंडळीतल्या बऱ्याच जणी विचारतायत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वर्ग चांगला आहे, वेळ काढून करण्यासारखा आहे. एका ठिकाणी मात्र तो कमी पडतो, आणि ती जागा लहान नाही.

आजारी माणसांच्या आणि शोकात असलेल्या घरी भेटी देणाऱ्या गटात मी काम करते. दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, हा प्रश्न दर भेटीला नव्याने समोर उभा राहतो. मरण आणि जीवन जिभेच्या हाती असतात, असं नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात म्हटलंय. "देवाची इच्छा होती" हे चार माणसांनी चार वेळा ऐकवल्यावर एक आई आतल्या खोलीत निघून गेली आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही, हे मी पाहिलेलं आहे. त्यामुळे या वर्गाकडून माझी अपेक्षा मोठी होती.

पहिला पाठ याकोबाच्या पत्राचा, तिसरा अध्याय. घोड्याच्या तोंडातला लगाम, जहाजाचं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी, हे सगळं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. शिकवणाऱ्या ताईंनी तिथे फार वेळ घालवला नाही. त्या थेट नवव्या आणि दहाव्या वचनावर आल्या: ज्या तोंडाने आपण पित्याचा धन्यवाद करतो, त्याच तोंडाने त्याच्या प्रतिरूपाप्रमाणे घडलेल्या माणसांना शाप देतो. मग गृहपाठ दिला. रविवारी उपासना संपून आशीर्वाद झाला की आपल्या तोंडून पहिली गोष्ट कोणती निघते आणि ती कोणाविषयी असते, एवढंच बघायचं. कोणाला सांगायचं नाही, लिहून पाठवायचं नाही. हा गृहपाठ मला फार आवडला, कारण त्यात चांगलं दिसण्याची सोयच नव्हती.

ऐकण्याचा पाठ सगळ्यात कसदार. जोड्या लावतात, आणि नवरा-बायकोला मुद्दाम वेगवेगळं बसवतात. एकाने काही मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. मध्ये प्रश्न नाही, सल्ला नाही, वचनसुद्धा नाही. बोलणं संपलं की ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत ते परत सांगायचं आणि विचारायचं, "मी बरोबर ऐकलं का?" माझ्या जोडीला एक वयस्कर भाऊ होते. मुलगा उपासनेला येणं बंद झालाय, घरात त्यावरून खटके उडतात, असं ते सांगत होते. मी परत सांगताना म्हटलं, "तुम्हाला त्याचा राग येतो." ते थांबले. म्हणाले, "नाही हो ताई. राग नाही. भीती वाटते मला." तेवढ्या एका दुरुस्तीने पुढचं सगळं बोलणं बदललं. नियम नसता तर तोवर माझ्याकडून एखादं वचन देऊन झालं असतं, आणि ते रागावरचं असतं.

याच पाठात एली आणि हन्नेचा प्रसंग घेतला. पहिल्या शमुवेलाच्या पहिल्या अध्यायात हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करतेय, ओठ हलतायत पण आवाज नाही, आणि खुद्द याजक तिला नशेत असलेली बाई समजतो. हन्ना शांतपणे आपली बाजू मांडते, की मी दुःखी आहे, मी परमेश्वरापुढे आपलं मन ओतलंय. एली तिथल्या तिथे आपला सूर बदलतो आणि तिला शांतीने जा म्हणतो. मंडळीत जबाबदारीच्या जागी असलेल्यांनी हा भाग पुन्हापुन्हा वाचावा. देवाच्या घरात, देवाच्या सेवकाकडूनही माणूस चुकीचा ऐकला जातो, आणि तरी तिथल्या तिथे सूर बदलता येतो. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांचाही उल्लेख झाला. पुढे त्यांनी भाषणं करून त्या माणसाला जेरीस आणलं, पण त्याआधी सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्यापाशी जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. ते बसणं आमच्या भेटीगटात मी आता शिकवणार आहे.

प्रार्थना विनंत्यांवरच्या पाठाविषयी मात्र मला मनापासून लिहायचंय. हा विषय उघडपणे घेणारं मला आजवर कोणी भेटलं नव्हतं. आपल्याकडे "प्रार्थनेसाठी सांगते हं" असं म्हटलं की पुढे काहीही सांगायला मोकळीक मिळते. कोणाची मुलगी माहेरी आलीये, कोणाचा मुलगा पुन्हा प्यायला लागलाय, कोणाच्या घरी कर्ज झालंय. ग्रुपवर मेसेज पडतो, खाली हात जोडल्याची चिन्हं येतात, आणि ज्याच्या घरची गोष्ट आहे त्याला रविवारी सगळ्यांच्या नजरेतून कळतं की ती सगळ्यांना माहीत आहे. ताईंनी असाच एक बनवलेला मेसेज पडद्यावर दाखवला आणि आम्हाला एकेक शब्द खोडायला लावला. हे नाव सांगायला त्या माणसाने परवानगी दिलीये का? हा तपशील प्रार्थनेला खरंच लागतो का? तो इथे बसला असता तर हेच वाक्य म्हटलं असतं का? खोडता खोडता शेवटी उरलं ते असं: "एका कुटुंबासाठी प्रार्थना करा, त्यांना शांती आणि योग्य निर्णयाची बुद्धी मिळो." प्रार्थना तीच राहिली. देवाला ते घर ठाऊक आहेच.

दहा आज्ञांपैकी खोट्या साक्षीच्या आज्ञेचा अर्थ जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1529 साली आपल्या लहान प्रश्नोत्तरीत कसा मांडला, तेही इथे आलं. शेजाऱ्याविषयी खोटं बोलू नये एवढ्यावर तो थांबत नाही. शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगलं बोलावं, त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावावा, असं तो सांगतो. जवळजवळ पाचशे वर्षं झाली, तरी आपल्या ग्रुपवर हे पाळायचं ठरवलं तर निम्मे मेसेज कमी होतील.

मेसेजचा विषय निघालाच आहे तर, लिहून बोलण्यावरचा पाठ घाईघाईत उरकला. त्यातली एक गोष्ट पक्की लक्षात राहिली. योहान आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पत्रात सांगतो, लिहायचं पुष्कळ आहे, पण शाई-कागदाने नको, भेटू आणि समोरासमोर बोलू. दोन्ही पत्रं एवढीशी आहेत, आणि दोन्हींत हे वाक्य आहे. भांडण मेसेजवर मिटवायला बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

फिलेमोनाच्या पत्रावर अख्खी एक संध्याकाळ दिली, आणि ती कमी पडली. पंचवीस वचनांचं पत्र, पौलाने तुरुंगातून फिलेमोनाला त्याच्या अनेसिम नावाच्या गुलामासाठी लिहिलेलं. विनंती कशी करावी याचा याहून बारीक धडा माझ्या पाहण्यात नाही. पौल म्हणतो, मला तुला आज्ञा करता आली असती, पण मी प्रीतीने विनवतो. अनेसिम पूर्वी तुझ्या उपयोगाचा नव्हता, हे तो लपवत नाही. तुझ्या संमतीवाचून मला काही करायचं नव्हतं, हे स्पष्ट लिहितो. आणि त्याचं काही देणं लागत असेल तर माझ्या नावावर मांड, मी स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन, असं लेखी देतो. तुरुंगातला म्हातारा माणूस दुसऱ्याचं कर्ज अंगावर घेतोय. ताई म्हणाल्या, नुसतं "त्याला माफ करा" म्हणणारे खूप असतात, स्वतःच्या खिशाला हात घालून म्हणणारे थोडे. ते मला पटलं.

आमच्या गटातल्या एका तरुण मुलीने त्यावर चांगला प्रश्न काढला. पत्राच्या सुरुवातीला फिलेमोनाबरोबर अप्फिया, अर्खिप्प आणि त्याच्या घरी जमणारी मंडळी यांचीही नावं आहेत. म्हणजे हे सगळ्यांसमोर वाचलं गेलं असणार. मग फिलेमोनाला "नाही" म्हणायची मोकळीक खरंच होती का? ताईंनी घाईने उत्तर दिलं नाही. त्या म्हणाल्या, पौलाला दोन्ही हवं असावं, फिलेमोनाचं मनापासूनचं होकारार्थी उत्तर आणि त्याला साक्षी असलेली मंडळी. मला विचाराल तर, गुलामाच्या बाजूने बोलताना साक्षीदार असावेतच. ज्याच्या हाती सत्ता नाही, त्याच्यासाठीची विनंती बंद खोलीत विरून जाते. पण हा मुद्दा वर्गाने तिथेच सोडला, आणि माझी तक्रार नेमकी इथून सुरू होते.

समेटाच्या पाठात मत्तयाचा अठरावा अध्याय आहे. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठून सांग, ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे, तरी नाही तर मंडळीला सांग. क्रम सुंदर आहे, आणि आपण तो नेमका उलटा वापरतो, आधी सगळ्या मंडळीला कळतं आणि अपराध करणाऱ्याला शेवटी. पण समोरचा माणूस हात उगारणारा असेल तर? धमकावणारा असेल, किंवा ज्याच्या हाती तुमची नोकरी, तुमचं घर, तुमची मुलं आहेत असा असेल तर? त्याला एकट्याने एकांतात गाठायला सांगणं हे संकटात ढकलणं आहे. पाठाच्या पुस्तिकेत याविषयी एकच वाक्य होतं: "अशा प्रसंगी सुज्ञ व्यक्तीचा सल्ला घ्यावा." माझ्या भेटींमध्ये ज्या बायका दाराआड हळू आवाजात बोलतात, त्यांना हे वाक्य पुरणार नाही. त्यांना "मृदू उत्तराने राग शांत होतो" हे नीतिसूत्रांतलं वचन आधीच हजार वेळा ऐकवलं गेलंय, बहुतेक वेळा चुकीच्या माणसाकडून. त्यांना आधी सुरक्षित जागा हवी, कायद्याची मदत हवी, आणि बरोबर येणारं कोणीतरी हवं.

शास्त्रात यासाठी साहित्य नाही असंही नाही. योहानाच्या अठराव्या अध्यायात महायाजकापुढे उभ्या असलेल्या प्रभूला एक शिपाई चपराक मारतो. प्रभू मान खाली घालून गप्प बसत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, आणि चांगलं बोललो असेन तर मला का मारतोस, असं सरळ विचारतो. त्या प्रश्नात राग ओकलेला नाही, आणि शरणागतीही नाही. फिलिप्पैमध्ये पौल आणि सीलाला उघडपणे फटके मारून तुरुंगात टाकल्यावर अधिकारी गुपचूप सोडून द्यायला निघतात, तेव्हा पौल नकार देतो. आम्हाला चारचौघांत मारलंत, आता चोरून बाहेर काढता? स्वतः येऊन बाहेर न्या. हेही ख्रिस्ती बोलणंच आहे. या दोन प्रसंगांवर एक स्वतंत्र पाठ हवा, आणि तसं मी वर्ग चालवणाऱ्यांना लिहून कळवलंय. उत्तर नम्र आलं, पुढच्या तुकडीआधी विचार करू असं त्यांनी म्हटलंय.

बाकी व्यवस्थेविषयी थोडक्यात. पुस्तिका साधी आणि वाचायला सोपी, अक्षर मोठं, ज्येष्ठांना अडचण येणार नाही. वेळ पाळतात. सुरुवातीचं गीत आणि प्रार्थना आटोपशीर. ज्यांना बोलायचं नसेल त्यांच्यावर जबरदस्ती करत नाहीत, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. गटात सांगितलेलं गटाबाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घेतात आणि दर वेळी आठवण करून देतात. एक पाठ पाळकसाहेबांसाठी आणि पंच मंडळींसाठी वेगळा ठेवलाय. तो आमच्यासाठी नव्हता, त्यामुळे त्याविषयी लिहीत नाही.

कोणी करावा? नवरा-बायकोने मिळून केला तर जास्त उपयोग होतो, कारण "मी बरोबर ऐकलं का?" हा प्रश्न दोघांनाही माहीत असलेला बरा. आमच्या घरात तो आता टोमणा न वाटता विचारला जातो. संडे स्कूल घेणाऱ्यांनी, भेटीला जाणाऱ्यांनी आणि प्रार्थनेचे ग्रुप सांभाळणाऱ्यांनी तर करावाच. लग्न ठरलेल्या मुलामुलींनाही मी सुचवीन. ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू झालाय त्यांनी मात्र सध्या थांबावं. जोडीत बोलताना मनातलं खूप वर येतं, आणि कॉल बंद झाला की खोलीत आपण एकटे असतो. आणि ज्यांच्या घरात भीती आहे, त्यांनी समेटाच्या पाठावर विसंबून काहीही पाऊल उचलू नये. आधी विश्वासातल्या एखाद्या बहिणीला सांगा, तिला बरोबर घ्या. मंडळीत कोणाशी बोलावं ते सुचत नसेल तर भेटीगटाकडे या. तुमचं नाव प्रार्थनेच्या ग्रुपवर जाणार नाही.