सीपॅनेलवरून हेस्टियावर: पावसाळा ते आंब्याचा सीझन

निकाल आधीच सांगून टाकतो. सर्व्हरला टाइप करून हुकूम द्यायचं टर्मिनल उघडायला न घाबरणारा निदान एक माणूस ऑफिसात असेल, तर गिऱ्हाइकांच्या साईट सांभाळणाऱ्या छोट्या धंद्याला हेस्टियासीपी हे होस्टिंग पॅनेल (सर्व्हरवरच्या साईट, मेल, बॅकअप ब्राउझरमधून सांभाळायचं सॉफ्टवेअर) पुरून उरतं. तो माणूस नसेल तर सरळ पैसे भरा आणि सीपॅनेल किंवा डायरेक्टअ‍ॅडमिन घ्या. आणि पॅनेल निवडताना साईट किती पटकन उभी राहते हे बघत बसू नका, ते सगळ्यांनाच जमतं. गिऱ्हाइकाची मेल अडकली किंवा बॅकअपमधून एकच डेटाबेस परत हवा झाला, तर काय काय करावं लागतं ते बघा.

आमचं दादरला तिघांचं ऑफिस. पस्तीस-चाळीस साईट सांभाळतो: मराठी प्रकाशक, एक नाट्यसंस्था, क्लासेस, बऱ्याच हाउसिंग सोसायट्या आणि देवगड-रत्नागिरीचे आंबेवाले. जुना सर्व्हर सीपॅनेलचा, सेंटओएस ७ या लिनक्सवर होता. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला आणि सीपॅनेलनेही ११० या आवृत्तीनंतर त्याची साथ सोडली. त्यांचं ईलिव्हेट हे साधन वापरून अल्मालिनक्स या दुसऱ्या लिनक्सवर जाता आलं असतं, वाट बंद नव्हती. पण २०१९ पासून सीपॅनेलचा हिशेब अकाउंटच्या संख्येवर चालतो. वर्षातून एकदा एजीएमची नोटीस चढवायला उघडली जाणारी सोसायटीची साईट, तीही त्यात एक अकाउंट म्हणून मोजली जाते. बिल डॉलरमध्ये, वर १८ टक्के जीएसटी. सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना होस्टिंगचे पैसे वाढवून मागायचे म्हणजे पुढच्या कमिटी मीटिंगची वाट बघणं आलं.

बाकीचे पर्याय फार वेळ रेंगाळले नाहीत. क्लाउडपॅनेल देखणं आणि हलकं, पण त्यात मेल सर्व्हरच नाही. आमच्या प्रकाशकांचा सगळा व्यवहार मेलवर चालतो. व्हर्च्युअलमिनला सगळं येतं, मात्र त्याचे मेनू बघून ऑफिसातली ज्युनियर मुलगी म्हणाली, "दादा, हे मला नका देऊ." सायबरपॅनेल त्यातल्या ओपनलाइटस्पीड या वेब सर्व्हरमुळे मोहात पाडत होतं. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यातली लॉगिनशिवाय रूट (सर्व्हरचा पूर्ण ताबा) मिळवून देणारी त्रुटी उघड झाली आणि जगभरात हजारो सर्व्हर रॅन्समवेअरच्या तावडीत सापडले. अर्थात हेस्टिया ज्या व्हेस्टासीपीतून फुटून निघालं, तेही २०१८ मध्ये असंच पोळलं होतं. त्यामुळे कोणतंही पॅनेल घ्या, त्याचं दार जगाला उघडं ठेवू नका. आम्ही पॅनेल ज्यावर उघडतं ते ८०८३ हे पोर्ट फायरवॉलमधून फक्त ऑफिसच्या आयपीला दिलंय आणि लॉगिनला टू-फॅक्टर लावलंय.

त्या ८०८३ वरून एक आठवलं. पॅनेलचं होस्टनेम क्लाउडफ्लेअर या मध्यस्थ सेवेच्या केशरी ढगामागे, म्हणजे तिच्या प्रॉक्सीमागे, ठेवलं तर पॅनेल उघडतच नाही, कारण त्यांच्या प्रॉक्सीतून जाणाऱ्या पोर्टांच्या यादीत ८०८३ नाही. सीपॅनेलचं २०८३ आहे, त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाच्या हे डोक्यातच येत नाही. ढग करडा करा, म्हणजे प्रॉक्सी बंद करा, किंवा पोर्ट बदला.

इन्स्टॉलेशनबद्दल लिहिण्यासारखं थोडंच. कोरं उबुंटू किंवा डेबियन लागतं, अल्मालिनक्स-रॉकीवाल्यांना इथे जागा नाही. आम्ही मुंबईतला ४ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला, उबुंटू २२.०४ टाकलं आणि क्लॅमएव्ही हे व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर वगळलं. व्हायरस ओळखायच्या खुणांची यादीच ते मेमरीत घेऊन बसतं आणि एक जीबीहून जास्त खातं. एवढ्याशा सर्व्हरवर ती चैन परवडत नाही. एनजिनएक्सच्या मागे अपाची ठेवलं (दोन्ही वेब सर्व्हर), कारण गिऱ्हाइकांच्या वर्डप्रेसमधले प्लगइन सेटिंगच्या फाईलमध्ये, म्हणजे एचटीअ‍ॅक्सेसमध्ये काहीबाही लिहीत असतात आणि नुसत्या एनजिनएक्सला ते वाचता येत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र युजर दिला. सगळ्या साईट अ‍ॅडमिनखाली कोंबू नका असं हेस्टियाची मंडळीच बजावतात आणि ते खरंय: एका साईटमध्ये कोणी शिरलं तरी शेजारची वाचते.

आता मेल. खरी परीक्षा इथेच झाली.

आमच्या व्हीपीएस कंपनीने मेल ज्यातून बाहेर जाते ते २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवलेलं. हे हल्ली बऱ्याच क्लाउडवाल्यांकडे असतं, पण विक्रीच्या पानावर कोणी ठळक छापत नाही. साईट हलल्या, आयमॅपसिंक या साधनाने जुने मेलबॉक्स आले, सगळं गोड चाललंय असं वाटत असतानाच गिरगावातल्या प्रकाशककाकांचा फोन: "अरे, दिवाळी अंकाच्या लेखकांना पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. पोचली तरी का?" पत्रं सर्व्हरच्या रांगेतच अडकून पडलेली. हेस्टियात एसएमटीपी रिलेची (मेल दुसऱ्या सेवेमार्फत बाहेर पाठवायची) सोय पॅनेलमध्येच आहे, हवी तर सगळ्या सर्व्हरला, हवी तर एकाच डोमेनला. महिन्याला थोडे पैसे घेणारी रिले सेवा घेतली, तिची माहिती भरली आणि रांग हलली. आपल्या डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं हे सांगणाऱ्या एसपीएफ या नोंदीत रिलेवाल्याची ओळ घालावी लागते. डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) किल्ली पॅनेल बनवून देतं, पण डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नोंदी, बाहेर असतील तर ती नोंद आपणच तिकडे नेऊन चिकटवायची. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू या बाबतीत कडक झालेत, आता चालढकल चालत नाही.

याच मेलच्या भागातली मला सर्वात आवडलेली गोष्ट दिसायला अगदी किरकोळ आहे: एका खात्यातून तासाला किती मेल जाऊ शकतात याची मर्यादा. एका क्लासच्या मेलबॉक्सचा पासवर्ड फुटला आणि रात्रभर कचरा सुटला. मर्यादेला धडकून बहुतेक मेल सर्व्हरवरच थांबल्या. सकाळी पासवर्ड बदलला, रांग रिकामी केली, आयपी कुठल्याही काळ्या यादीत गेला नाही.

बॅकअपचं मत थोडं मिश्र आहे. आम्ही वापरतो ती नेहमीची पद्धत दर वेळी त्या युजरचा पूर्ण गठ्ठा बांधते, म्हणजे फोटोंनी भरलेल्या नाट्यसंस्थेच्या साईटला डिस्कवर तेवढीच मोकळी जागा लागते. आम्ही गठ्ठे सर्व्हरबाहेर पाठवतो आणि इथे दोनच ठेवतो. मात्र परत आणताना सगळं आणायची सक्ती नाही. एक डेटाबेस, एक साईट किंवा एकाच डोमेनची मेल निवडता येते. हे काम आता ज्युनियर मुलगी मला न विचारता करते. लॉगचं (सर्व्हर आपोआप लिहितो त्या नोंदींचं) मात्र हाताने करावं लागलं. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, त्यासाठी जुने लॉग काढून टाकणाऱ्या लॉगरोटेटची मुदत वाढवून घेतली.

पाडव्यापासून आंब्याच्या साईटवर ऑर्डरींची झुंबड उडते. पेटीचा भाव उतरल्याचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की पाच मिनिटांत जत्रा भरते. इथे पॅनेलच्या बटणांनी भागलं नाही. साईटचा कोड चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या टेम्प्लेटमध्ये चाइल्ड प्रोसेसची (एका वेळी किती विनंत्या हाताळायच्या त्याची) संख्या वाढवावी लागली, आणि एनजिनएक्सचं कॅशिंग (एकदा बनलेलं पान साठवून सगळ्यांना तेच देणं) चालू करताना कार्ट आणि चेकआउट वगळावं लागलं, नाहीतर एकाची टोपली दुसऱ्याला दिसायची. मूळ टेम्प्लेटला हात लावू नका. नव्या नावाने प्रत काढून ती वापरा, कारण पुढच्या अपडेटला मूळ फाईल पुन्हा लिहिली जाते. सुरुवातीला टर्मिनलवाल्या माणसाची अट घातली ती याच कामांसाठी. इथे रात्री दोनला तिकीट टाकायला कोणी नाही, कागदपत्रं आणि फोरम यांवरच भिस्त.

होस्टिंग पुढे विकायचा धंदा असेल तर हेस्टियाच्या वाटेला जाऊ नका, त्यात रीसेलर हा प्रकारच नाही. त्यासाठी डायरेक्टअ‍ॅडमिन बरं, लायसन्स घ्यावं लागलं तरी.

आमच्यापुढचं मोठं काम म्हणजे उबुंटू २२.०४. त्याचा नेहमीचा सपोर्ट एप्रिल २०२७ पर्यंत आहे. चालू सर्व्हरवरच उबुंटूची आवृत्ती चढवण्यापेक्षा नवा सर्व्हर घेऊन एकेका युजरचा बॅकअप तिकडे उतरवायचा, असं ठरलंय. आधी सोसायट्या हलवू, मग क्लासेस. आंबेवाले आणि प्रकाशक आपापला सीझन उरकल्यावर.