जुन्या फ्लॅटमधलं नवं स्वयंपाकघर: पावसाळा, फराळ आणि उन्हाळा काढल्यानंतर

कोथरूडमधली नव्वदच्या दशकातली इमारत. स्वयंपाकघर आठ बाय दहा, एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला ड्राय बाल्कनी. कडाप्प्याचा ओटा, खाली कडाप्प्याचेच कप्पे, मोझेकची फरशी. मागच्या अक्षय्य तृतीयेनंतर हे सगळं फोडलं आणि पाऊस लागायच्या आत नवं उभं राहिलं. त्यानंतर गौरी-गणपती झाले, दिवाळीचा फराळ झाला, आता परत उन्हाळा आलाय. घरात पोळ्या माझ्याकडे, भाजी-आमटी बहुतेक वेळा नवऱ्याकडे आणि सणाचं सगळं सासूबाईंच्या हातात. हे आधीच सांगते, कारण आमच्या आराखड्याचं खरं भांडण यावरूनच झालं.

डिझायनरने पहिल्या भेटीत थ्रीडी चित्र दाखवलं: एल आकाराचा ओटा आणि त्यावर शेगडी, सिंक, फ्रीज यांचा तो प्रसिद्ध त्रिकोण. त्रिकोण वाईट नाही, पण तो एकट्याने स्वयंपाक करणाऱ्या बाईसाठी आखलेला वाटतो. आजच्या मॉड्युलर किचनची पणजी म्हणजे 1926 मधलं फ्रँकफर्ट किचन. ते मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी पावलं मोजून बेतलं होतं. साधारण 1.9 बाय 3.4 मीटर, म्हणजे आमच्यापेक्षाही थोडं लहान, आणि तेही एकटीसाठीच. आमच्याकडे सकाळी आठ वाजता तिथे दोघं असतात, दिवाळीत चौघं.

म्हणून एल रद्द केला आणि समोरासमोर दोन ओटे घेतले. मोठा 24 इंच खोल, त्यावर शेगडी आणि सिंक. समोरचा 18 इंच खोल, त्यावर पोळ्या, मिक्सर, चिराचिरी. खोली आठ फूट रुंद, म्हणजे 96 इंच. त्यातून 42 गेले की मधे साडेचार फूट उरतात. दोन माणसं पाठीला पाठ लावून काम करू शकतात आणि मधल्या वाटेने तिसरं पाण्याची बाटली घ्यायला येऊ शकतं. शिवाय एल ओट्याचा कोपरा वाचला. त्या कोपऱ्यात हात पोचावा म्हणून जी फिरती जाळी विकतात, तिच्या किमतीत आमच्या दोन चांगल्या ट्रॉल्या झाल्या.

सगळ्यात जास्त समाधान उंचीचं आहे, आणि त्यासाठी एक पैसाही जादा लागला नाही. बाजारात ओटा म्हटला की 34 इंच. कोपराच्या उंचीतून चार ते सहा इंच वजा करायचे हा साधा हिशोब आहे; मी पाच फूट दोन इंच, त्यामुळे मला 34 चालतो. पण लाटताना वरून जोर द्यावा लागतो. पोळ्यांचा ओटा आम्ही 31 वर घेतला आणि माझी खांदेदुखी गेली. गवंड्याने दोनदा विचारलं, 'मॅडम, दोन्ही सारखे नकोत का?' नकोत. उंची ठरवताना शेगडीही धरा. 34 इंचांच्या ओट्यावर नेहमीची शेगडी ठेवली की बर्नर आणखी पाचेक इंच वर जातो, त्यावर कुकर, आणि मग डोकावायला टाचा उचलाव्या लागतात. यासाठीच ओट्यात बसणारा हॉब घेतला. त्याची तक्रार अशी की जाळी ऐसपैस असल्याने फोडणीचं कढलं कलंडतं. छोटी गोल जाळी वेगळी मिळते, ती आणल्यावर प्रश्न मिटला. दूध उतू गेलं की मात्र जुन्या शेगडीपेक्षा जास्त पुसापुशी आहे, आणि दूध आमच्याकडे नेमाने उतू जातं. पाइप गॅस असेल तर नळी हलवायचा अर्ज तोडफोडीच्या आधीच करा. ते काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यायचं असतं, आणि तो आपल्या वेळेने येतो.

ओट्याला काळा ग्रॅनाइट. पांढऱ्या क्वार्ट्झचा मोह सगळ्यांना झाला होता. पण क्वार्ट्झमध्ये दगडाचा चुरा रेझिनने, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या डिंकाने, बांधलेला असतो, त्यावर तापलेली कढई थेट टेकवता येत नाही, आणि आमच्या घरात ही शिस्त कोण पाळणार? जुना कडाप्पा हा चुनखडीचा दगड, लिंबू-कोकमाने त्याचे डाग कायमचे पडले होते. ग्रॅनाइटवर चिंचेचा कोळ रात्रभर राहिला तरी सकाळी काही दिसत नाही. एक खोट आहे: काळ्यावर पिठाचे आणि पाण्याचे ओघळ लगेच दिसतात.

फरशीबाबत दोन मार्ग होते. जुन्या मोझेकवरच नवी टाइल चिकटवणं स्वस्त आणि कमी धुळीचं, पण जमीन पाऊण इंचाने वर येते, दारं तासावी लागतात आणि उंबऱ्याला ठेच बसते. सासूबाईंचे गुडघे बघून आम्ही मोझेक उखडलं. राडारोडा, सोसायटीची परवानगी, खालच्या मजल्यावरच्यांचे फोन, सगळं झालं. उखडल्यावर वॉटरप्रूफिंग करून पाणी तुंबवून बघितलं, मगच टाइल लावली. टाइल दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड, मॅट. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे डागाची भीती टाइलला नसून सांध्याला असते. तिथे इपॉक्सी, म्हणजे रेझिनचं मिश्रण, भरून घेतलं. ते सांध्यात भरायच्या साध्या सिमेंटी ग्राउटपेक्षा बरंच महाग, पण हळद आणि तेल त्यात मुरत नाही. शेजारच्यांचे पांढरे सांधे वर्षाच्या आत पिवळट झालेले मी रोज बघते. मॅटमुळे तेल सांडलं तरी पाय घसरत नाही. पुसायला मात्र जोर लागतो, आणि कामाच्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात तसं स्पष्ट सांगितलं.

आता कॅबिनेट. दुकानात सगळं बोलणं दारांवर चालतं: ॲक्रिलिक, पीयू, ग्लॉसी, हँडल नसलेली. इतक्या महिन्यांनंतर मला दारांकडे बघायला वेळही होत नाही. रोज हाताला लागतात ते चॅनेल (ज्यांवर ट्रॉली सरकते त्या पट्ट्या) आणि बिजागऱ्या. ओट्याखाली एकही साधा कप्पा ठेवला नाही, सगळ्या पूर्ण बाहेर येणाऱ्या ट्रॉल्या. सर्वात मागचं पातेलं वाकून शोधायचं थांबलं. ऑर्डर देताना चॅनेल किती किलो पेलतं ते विचारा. कुकर, परात आणि पितळी पातेली एका ट्रॉलीत असली तर 30 किलोचं कमी पडू शकतं, 50 चं बघा. जाळीच्या ट्रॉल्या आम्ही फक्त ताट-वाट्यांपुरत्या घेतल्या, कारण लहान चमचे त्यातून खाली पडतात. स्टील 304 या न गंजणाऱ्या प्रतीचं आहे हे बिलावर लिहून घ्या. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, पण गंजणारं 202 सुद्धा चुंबकाला सहसा चिकटत नाही, त्यामुळे तो प्रयोग नुसती करमणूक.

सांगाड्यासाठी आग्रह धरला तो आयएस 710 प्लायचा, म्हणजे या क्रमांकाच्या भारतीय मानकात बसणाऱ्या प्लायवुडचा. त्याच्या चाचणीत नमुने 72 तास उकळतात. आयएस 303 मधल्या बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या) प्रतीला आठ तासच. सगळीकडे 710 लागत नाही. वरच्या कपाटांना 303 पुरतं, सिंकखाली आणि ड्राय बाल्कनीकडच्या बाजूला हात आखडू नका. आमच्या कंपनीने प्लाय बरोबर दिलं, पण सिंकखालच्या फळीची कडेची पट्टी जुलैत सुटायला लागली. दुरुस्तीला माणूस आला तोवर गौरी येऊन गेल्या होत्या. तोपर्यंत प्लाय फुगलं नाही, हे 710 चं प्रमाणपत्र समजा. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, असतं तर तिथे लापशी झाली असती. कॅबिनेट भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवली असली तरी खाली चार इंचांचे प्लॅस्टिकचे पाय आहेत आणि पुढची पट्टी क्लिपने निघते. गळती, झुरळं, हरवलेलं झाकण, सगळं तिथेच सापडतं.

चिमणीचे आकडे फार मनावर घेऊ नका. आमच्या खोलीत साडेनऊ फूट उंची धरून जेमतेम साडेएकवीस घनमीटर हवा आहे. 1200 ची, म्हणजे तासाला 1200 घनमीटर हवा ओढणारी, चिमणी कागदावर ती तासाला पन्नासहून जास्त वेळा बदलेल. प्रत्यक्षात नळी किती लांब आणि तिला वळणं किती यावर सगळं अवलंबून. आमची सहा इंची नळी एकाच वळणाने बाहेर जाते, म्हणून मिरचीच्या फोडणीत कुणी खोकत नाही. खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, नाहीतर हवा येणार कुठून?

विजेचं थोडक्यात: मायक्रोवेव्ह, इंडक्शन आणि पुढेमागे येणाऱ्या यंत्रासाठी 16 अँपिअरचे पॉइंट आधीच काढा, आणि वरच्या कपाटांखाली एलईडी पट्टी लावा. छताच्या दिव्यात आपलीच सावली चिरायच्या भाजीवर पडते.

खर्च साडेचार लाखांच्या आसपास. कोटेशन वाचताना 18 टक्के जीएसटी आत आहे की बाहेर ते बघा, आणि चॅनेल-बास्केटची यादी वेगळी मागा, कारण आकडा तिथेच फुगतो. सुताराकडून करून घेतलं असतं तर पैसे वाचले असते, पण राहत्या घरात करवत आणि भुसा नको होता.

मोठ्या ओट्याखाली डिशवॉशरची जागा, नळ आणि पॉइंट तयार आहे. सासूबाईंचा विरोध कायम आहे: पितळेची भांडी त्यात घालता येत नाहीत, आणि आमची निम्मी भांडी पितळेची. मुद्दा बिनतोड आहे, त्यामुळे सध्या त्या जागेत कांदे-बटाटे आहेत.