‘कन्व्हर्टर जाम झाला आहे’ असे सांगून झालेली फसवणूक

घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ चढताना माझी २००९ सालची पेट्रोल गाडी ओढेनाशी झाली, म्हणून ती ठाण्यातील एका गॅरेजमध्ये दिली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुराच्या नळीत बसवलेला, विषारी वायू कमी करणारा भाग) जाम झाल्याने इंजिनाचा धूर कोंडतो, असे निदान करून त्यांनी तो ‘बदलला’ आणि बिलावर ‘सायलेन्सर काम’ एवढेच लिहिले. गाडी खरोखरच पूर्ववत ओढू लागल्याने शंकेला जागा उरली नाही. आवाज थोडा पोकळ येई, पण जुन्या गाडीचा आवाज कोण ऐकत बसतो!

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. त्यासाठी पीयूसी करायला गेल्यावर धुरातील कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्यांच्या मर्यादेच्या कितीतरी वर निघाला. कळव्यातील दुसऱ्या मेकॅनिकने गाडी वर उचलून पाहिली, तेव्हा कन्व्हर्टरच्या जागी साधी नळी वेल्डिंगने जोडलेली आढळली. खरी मेख पुढेच होती. गाडीतला फ्युएल फिल्टर नवा कोरा होता आणि बिलात त्याचा उल्लेखही नव्हता. मूळ दोष चोंदलेल्या फिल्टरचा होता. तो गुपचूप बदलून त्यांनी गाडी सुरळीत केली आणि कन्व्हर्टर लाटला. आतील जाळीदार सिरॅमिकवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असल्यामुळे जुन्या गाडीचा कन्व्हर्टरही भंगारात चांगल्या भावाने विकला जातो.

जाब विचारल्यावर ‘जुना भाग भंगारवाल्याने नेला’ हे एकच उत्तर मिळाले. कन्व्हर्टर खरोखर तुंबला आहे का, हे ऑक्सिजन सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावून काही मिनिटांत कळते, त्यामुळे ती तपासणी आपल्यासमोर करण्याचा आग्रह धरावा. काढलेला भाग ताब्यात घ्यावा आणि बिलावर नव्या भागाचा पार्ट नंबर लिहून घ्यावा. गाडी देण्यापूर्वी खालच्या बाजूचे फोटो काढून ठेवणेही उपयोगी पडते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे, मात्र ‘सायलेन्सर काम’ या मोघम शब्दांमुळे नेमके काय काढले, हे सिद्ध करणे अवघड जात आहे.