'पुश' की 'फायरस्टार्टर'?

गिरगावातल्या आमच्या चित्रपटप्रेमी मंडळींसाठी पॉल मॅकग्विगन यांचा 'पुश' (2009) दाखवावा की मार्क लेस्टर यांचा 'फायरस्टार्टर' (1984), हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण दोन्हींत अतींद्रिय शक्ती असलेल्या माणसांमागे सरकारी यंत्रणा लागलेली आहे.

'पुश'ची खरी नायिका हाँगकाँग नगरी आहे. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या आणि किंकाळ्यांनी काचेच्या टाक्या फुटणारा मासळीबाजार पाहताना भाऊच्या धक्क्यावर वाढलेल्या मुंबईकराला गर्दीत लपणे म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शत्रूपक्षातील भविष्य पाहणाऱ्यांना आपला बेत कळू नये म्हणून नायक सूचना लिहून त्या लिफाफ्यांत बंद करतो आणि स्वतःचीच स्मृती पुसून घेतो, ही कल्पना मला फारच चतुर वाटते. मात्र शक्तींचे प्रकार इतके आहेत की मध्यंतरानंतर हिशेब ठेवणे जिकिरीचे होते.

'फायरस्टार्टर'मध्ये असा गुंता नाही. औषधाच्या प्रयोगात सहभागी झालेल्या दांपत्याची मुलगी नुसत्या इच्छेने आग लावते आणि बाप तिला घेऊन पळतो. उत्तरार्धात दोघे कैदेत पडल्यावर पाठलागाचा वेग ओसरतो. पण लहानग्या ड्रू बॅरीमोरच्या चेहऱ्यावरची भीती खरी वाटते, आणि तशी ओढ 'पुश'मधल्या कोणत्याही नात्यात नाही.

तरीही पाठलागच पाहायचा असेल, तर माझे मत 'पुश'ला.